परदेशातून कपडे मागवले आणि दारात वेगळंच बिल आलं. यातलं कुणाचं किती?

निळीशाई

नमस्कार मंडळी,

एक काम अडलं आहे, जाणकारांनी वाट दाखवावी.

मी एका परदेशी दुकानाच्या साइटवरून कपडे मागवले. एक लांब लोकरी कोट, लिननचे दोन शर्ट आणि एक स्वेटर. मला खांद्यात रुंद आणि बाहीला लांब असं माप लागतं. तयार कपड्यांत ते सहसा सापडत नाही, पण या दुकानाचं माप मला नेमकं बसतं. कोटावर मोठी सवलत होती म्हणून सगळं एकदमच मागवलं. पैसे भरायच्या पानावर मालाची किंमत, सवलत, पाठवणी आणि कर अशा ओळी होत्या. कराच्या पुढे शून्य होतं. म्हणजे कर नाही, असंच कुणीही वाचेल.

कुरिअरचा मुलगा आला तो हातात मशीन घेऊनच. आधी हे भरा, मग खोकं. आकडा कपड्यांच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त! कशाचे पैसे म्हणून विचारलं तर "कस्टम्सचे" एवढंच उत्तर. कागद? "मेलवर येईल." मी खोकं घेतलं नाही. त्या मुलावर माझा राग नाही, त्याच्या हातात काहीच नव्हतं. पण कशाचे ते कळल्याशिवाय एवढी रक्कम द्यायची नाही, यावर मी ठाम आहे.

मग मेल आला. त्यात ड्युटी, टॅक्स आणि 'आगाऊ भरणा सेवा' अशा ओळी आहेत, आणि त्या सेवेवर पुन्हा वेगळा कर! दुकानाला लिहिलं तर छापील उत्तर आलं की आयात शुल्क ही ग्राहकाची जबाबदारी आहे आणि तसं अटींमध्ये नमूद आहे. अटी उघडल्या. पाठवणीच्या पानावर, परतीच्या नियमांच्याही खाली, करड्या बारीक अक्षरांत एक वाक्य आहे खरं.

मला कळत नाही ते असं. यातले सरकारचे किती आणि कुरिअरचे किती? स्वेटरवर एक दर आणि शर्टांवर दुसरा, हे कसं? टॅक्सची टक्केवारी माझ्या मालाच्या किमतीशी जुळतच नाही, उलटं गणित केलं तर मूळ रक्कम खूप मोठी निघते. आणि याच दुकानातून पूर्वी एक स्कार्फ मागवला होता, तेव्हा कुणी काहीच मागितलं नाही. मग आताच का? खोकं सध्या कुरिअरच्या गोदामात आहे. घ्यावं की परत जाऊ द्यावं?

वाटसरू

मी बरेचदा मागवतो म्हणून सांगतो. पुढच्या वेळी दुकानाला खोक्यावर 'गिफ्ट' लिहायला सांगा आणि किंमत कमी टाकायला सांगा. छोटी दुकानं ऐकतात. आणि हे पार्सल घेऊच नका. परत जाऊ द्या आणि कार्ड दिलेल्या बँकेकडे तक्रार टाका. पैसे परत येतील.

उभाआडवा

निळीशाई, मी माल सोडवणाऱ्या एजन्सीत काम करते. इन्व्हॉइस वाचायचं, कोड लावायचा, कस्टम्सच्या शंकांना उत्तरं द्यायची, हेच दिवसभर. तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही, म्हणून तुमचे दर सांगत नाही. बिल कसं बनतं ते सांगते. ते कळलं की हातातला मेल तुमचा तुम्हालाच वाचता येईल.

आधी वाटसरू यांच्या सल्ल्याबद्दल. तो मनापासून दिलेला आहे, तरी कृपा करून कुणी पाळू नका. भेटवस्तूची सूट एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला, पैसे न घेता पाठवलेल्या वस्तूसाठी असते. युरोपीय महासंघात ती ४५ युरोपर्यंत आणि ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंत आहे. दुकानाने विकलेला कोट भेट होत नाही, खोक्यावर काहीही लिहिलं तरी. किंमत कमी दाखवणं म्हणजे खोटं विवरण. पकडलं गेलं तर माल अडकतो, दंड लागू शकतो आणि त्या कागदावर नाव तुमचं असतं. शिवाय असं खोकं वाटेत हरवलं तर भरपाई त्या खोट्या किमतीच्या हिशोबानेच मिळते.

खोकं नाकारण्याचंही तसंच. नाकारलेला माल परत जातो तेव्हा त्याचं भाडं कुणीतरी भरतंच. बहुतेक दुकानं ते तुमच्या परताव्यातून कापतात, काही जण कुरिअरने लावलेलं शुल्कही कापतात. काही वेळा माल परत न जाता नष्ट केला जातो. तेव्हा परत जाऊ द्यायचं असेल तर आधी दुकानाकडून लेखी घ्या की नेमके किती पैसे मिळणार. आणि लवकर ठरवा, कारण ठरावीक मुदतीनंतर गोदामभाडं सुरू होतं. बँकेकडची तक्रारही इथे टिकणं अवघड. दुकानाने माल पाठवलेला आहे आणि अटींत ते वाक्य आहे. बारीक अक्षरांत का असेना, पण आहे.

आता बिल. समजा माल १०० चा आणि पाठवणी २० ची. कपड्यांवरचं शुल्क १२ टक्के धरू, कारण युरोपीय महासंघात आणि ब्रिटनमध्ये बहुतेक तयार कपड्यांचा दर तोच आहे. पण हे १२ टक्के १०० वर लागत नाहीत, १२० वर लागतात. माल, विमा आणि वाहतूक मिळून जी किंमत होते ती पायाभूत धरायची, अशी बहुतेक देशांची पद्धत आहे. म्हणजे शुल्क झालं १४.४०. मग मूल्यवर्धित कर किंवा विक्रीकर. तो माल, वाहतूक आणि शुल्क या सगळ्यांच्या बेरजेवर लागतो. २० टक्के धरला तर १३४.४० वर २६.८८. दोन्ही मिळून ४१.२८. शंभराच्या मालावर एक्केचाळीस, आणि कुरिअरची फी अजून यायचीच आहे. तुमचं उलटं गणित जुळत नव्हतं ते याच जागी.

सगळीकडे असंच नाही. आयात मालाची किंमत कशी धरायची याचा जागतिक व्यापार संघटनेचा करार आहे. वाहतूक आणि विमा त्यात धरायचा की नाही, हे त्याने प्रत्येक देशावर सोडलं आहे. अमेरिका शुल्क मोजताना आंतरराष्ट्रीय वाहतूक धरत नाही. त्याच करारानुसार मूळ आधार असतो तो प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची किंमत. हे वाक्य लक्षात ठेवा, तुमच्या कामाला येणार आहे. तुम्ही सवलतीत घेतलं आहे. खोक्यावर पारदर्शक पिशवीत जे इन्व्हॉइस चिकटवलेलं असतं, त्यावर सवलतीआधीची किंमत छापलेली नाही ना, हे पाहा. पुष्कळ दुकानांची यंत्रणा मूळ किंमत छापते आणि सवलत दुसरीकडेच नोंदवते. मग तुम्ही न दिलेल्या पैशांवरही शुल्क आणि कर लागतो. हे मी सतत पाहते.

तिसरी ओळ, आगाऊ भरणा. ही सरकारची नाही, कुरिअरची आहे. माल अडकू नये म्हणून कुरिअर तुमच्या वतीने कस्टम्सला पैसे आधीच भरतं आणि त्याबद्दल फी घेतं. ही फी म्हणजे सेवा, म्हणून तिच्यावर वेगळा कर. अनेकांच्या दरपत्रकात ती भरलेल्या रकमेच्या टक्केवारीत असते आणि वर किमान रक्कम ठरलेली असते. त्यामुळे लहान पार्सलवर ती फार टोचते. टपालाने आलेल्या पार्सलवरही हाताळणीची फी लागू शकते. यात बेकायदा काही नाही. पण माल मागवणाऱ्या माणसाने ती सेवा निवडलेली नसते, कुरिअर निवडतं ते दुकान, आणि बिल येतं ते तुमच्या दारात. हे मला आजही पटत नाही, या धंद्यात असूनही नाही. काही देशांत स्वतः कस्टम्सच्या कचेरीत जाऊन माल सोडवता येतो. कॅनडात तशी सोय आहे. मात्र ते कुरिअरने माल सोडवण्याआधी कळवावं लागतं, नंतर नाही.

स्कार्फचं कोडं सोपं आहे. ठरावीक किमतीखालच्या पार्सलला शुल्क माफ, अशी सूट अनेक देशांत होती आणि काही ठिकाणी आहे. तुमचा स्कार्फ त्या रेषेखाली गेला असणार. पण ही रेष पुष्कळ ठिकाणी खाली येते आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावरही जीएसटी लावायला सुरुवात केली. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून लहान पार्सलवरची करमाफी काढली. १३५ पौंडांपर्यंत शुल्क नाही, पण कर विक्रीच्या वेळीच घेतला जातो. युरोपीय महासंघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोखालची करमाफी बंद केली. १५० युरोखालची शुल्कमाफी राहिली होती. तीही जाणार असून १ जुलै २०२६ पासून अशा पार्सलमधल्या प्रत्येक प्रकारच्या वस्तूमागे ३ युरो शुल्क लावायचं असं डिसेंबर २०२५ मध्ये ठरलं. अमेरिकेची ८०० डॉलरची सूट चीन आणि हाँगकाँगच्या मालासाठी २ मे २०२५ ला बंद झाली आणि बाकी सगळ्या देशांसाठी २९ ऑगस्ट २०२५ ला. तेव्हा "मागच्या वेळी काही लागलं नव्हतं" हा आधार आता कुणीच धरू नये.

स्वेटर आणि शर्टाच्या दरांबद्दल उद्या लिहिते, तो विषय मोठा आहे.

गुंडीकाज

मी या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला आहे. आमचं छोटं शिवणघर आहे आणि आम्ही कपडे परदेशात पाठवतो. दुकानदाराची बाजू मांडतो, समर्थन म्हणून नव्हे.

पाठवताना दोन मार्ग असतात. एकात शुल्क आणि कर विकणारा भरतो, त्याला डीडीपी म्हणतात. दुसऱ्यात माल ग्राहकाच्या दारापर्यंत पोचवायचा, पण शुल्क ग्राहकाने भरायचं, तो डीएपी. (जुनी माणसं अजून डीडीयू म्हणतात, पण ती संज्ञा आंतरराष्ट्रीय व्यापारसंज्ञांच्या २०१० च्या नियमावलीतून गेली.) बरीच दुकानं दुसरा मार्ग घेतात, कारण त्यात डोक्याला ताप कमी. प्रत्येक देशाचा दर वेगळा, कपड्यागणिक वेगळा. चुकीचा धरला तर फरक दुकानाच्या खिशातून जातो. ग्राहकाने माल परत केला तर भरलेलं शुल्क परत मिळवणं आणखी किचकट.

पण म्हणून पानावर कराच्या पुढे शून्य छापायचं? ते चूकच आहे. त्या शून्याचा खरा अर्थ इतकाच असतो की 'आम्ही आमच्या देशाचा कर घेतलेला नाही, कारण माल निर्यात होतोय'. ग्राहकाला ते कसं कळणार? आम्ही त्या जागी 'आयात शुल्क व कर: पोचल्यावर तुम्हाला भरावे लागतील' असं ठळक लिहितो. त्यामुळे काही गिऱ्हाइकं पान बंद करून जातात, हे दिसतं. जाऊ देत. दारात भांडण होण्यापेक्षा ते बरं. युरोपीय महासंघात १५० युरोपर्यंतच्या ऑर्डरला आम्ही आयओएसएस (बाहेरून येणाऱ्या मालावरचा कर विक्रीच्या वेळीच घेऊन भरायची महासंघाची योजना) नोंदणीतून कर आधीच घेतो. तो क्रमांक पार्सलच्या विवरणात गेला तर दारात पुन्हा कर मागितला जात नाही. क्रमांक पोचला नाही तर कर दोनदा लागतो. असं झालं तर ग्राहकाने आधी दुकानाला धरावं, कारण पहिल्यांदा घेतलेले पैसे त्यांच्याकडेच असतात.

ऑगस्ट २०२५ मधले दिवस मी विसरणार नाही. अमेरिकेची सूट संपायच्या सुमारास कित्येक देशांच्या टपाल खात्यांनी तिकडची पार्सलं घेणंच थांबवलं, कारण शुल्क कुणी गोळा करायचं आणि कसं भरायचं याची घडी बसलेली नव्हती. शिवून, इस्त्री करून, नाव घालून ठेवलेले झगे आमच्या कपाटात पडून होते आणि ज्यांनी लग्नासाठी मागवले होते त्या मुलींचे मेल येत होते. लग्नाची तारीख काही पुढे जात नाही हो. तेव्हापासून मी तारखेचं काम असेल तर ऑर्डर घेण्याआधीच फोन करून सगळं सांगतो.

निळीशाई, एक विचारतो. इन्व्हॉइसवर कपड्यांचं वर्णन काय आहे? नुसतं 'क्लोदिंग' असेल तर सगळा घोळ तिथूनच सुरू झाला असणार.

उभाआडवा

गुंडीकाज यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. आता दरांबद्दल.

जगभरचा माल एका सामाईक यादीत बसवलेला आहे. ती जागतिक सीमाशुल्क संघटना सांभाळते, तिचं कार्यालय ब्रुसेल्सला. १९८८ पासून ही यादी लागू आहे. प्रत्येक वस्तूला त्यात एक क्रमांक असतो, तोच कोड. त्याचे पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, पुढचे आकडे आणि दर ज्या त्या देशाचे. तयार कपड्यांचे दोन मोठे भाग आहेत: प्रकरण ६१ होजिअरीच्या कापडाचं, म्हणजे ज्यात धाग्याचे फास एकमेकांत अडकवलेले असतात ते, आणि प्रकरण ६२ मागावरच्या कापडाचं, ज्यात उभा-आडवा धागा असतो. तुमचा स्वेटर ६१ मध्ये, ६११० या क्रमांकाखाली. शर्ट आणि कोट ६२ मध्ये.

त्यानंतर धागा. मिश्र कापड असेल तर वजनाने जो धागा जास्त, त्यानुसार कोड. फरक किती पडतो बघा: अमेरिकेच्या दरपत्रकात सुती स्वेटरचा मूळ दर १६.५ टक्के आणि कृत्रिम धाग्याच्या स्वेटरचा ३२ टक्के, जवळजवळ दुप्पट. २०२५ मध्ये त्यावर जादा शुल्कंही लावली गेली. तेव्हा कॉलरच्या आतली किंवा बाजूच्या शिवणीतली ती पांढरी पट्टी, जिच्यावर '५५ टक्के कापूस, ४५ टक्के अ‍ॅक्रिलिक' असं काही लिहिलेलं असतं, ती कापून टाकू नका. कोडबद्दल वाद घालायचा तर तोच पुरावा.

कपडा बायकांचा की पुरुषांचा, यावरही क्रमांक बदलतो. ते ठरवायची रीत ऐकून नवीन माणसं चकित होतात. पुढून उघडणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुषांचा, उजवी डावीवर येत असेल तर बायकांचा. शिलाईचा घाट उघडउघड वेगळं सांगत असेल तर घाट प्रमाण. काहीच ठरवता आलं नाही तर बायकांच्या क्रमांकात घालायचं. हे सगळं त्या प्रकरणाच्या टिपांमध्ये लिहिलेलं आहे. मी स्वतः शंकेचा शर्ट टेबलावर पसरून, गुंड्या लावून पाहिलेला आहे.

आणि आता ज्यावर सगळ्यात जास्त माणसं फसतात ते. माल कुठून निघाला यावर शुल्क ठरत नाही, तो कुठे तयार झाला यावर ठरतं. दोन देशांत शुल्कमुक्त व्यापाराचा करार असला तरी सवलत त्या देशांत बनलेल्या कपड्यालाच, तीही कराराच्या नियमांनुसार आणि उगमाचं लेखी निवेदन असेल तरच. २०२१ पासून ब्रिटन आणि युरोपीय महासंघात असा करार आहे. तरी ब्रिटनच्या गोदामातून निघालेला, पण तिसऱ्याच देशात शिवलेला शर्ट महासंघात गेला की त्यावर शुल्क लागू शकतं. तेव्हा लोक हवालदिल झाले होते, "करार आहे ना, मग?" म्हणून विचारत होते. साइटचा पत्ता कुठला, किमती कुठल्या चलनात, याने काही सिद्ध होत नाही. कपड्यावरची 'मेड इन' पट्टी काय म्हणते ते पाहायचं.

निळीशाई, कुरिअरकडे दोन कागद मागा: कस्टम्सला सादर केलेलं विवरण आणि त्याला जोडलेलं इन्व्हॉइस. फोनवर नको, लेखी मागा. हे कागद मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, कारण त्या कागदांवर आयातदार म्हणून नाव तुमचं आहे.

निळीशाई

तुम्हा दोघांचे किती आभार मानू! कागद मिळाले. आधी टाळाटाळ झाली, पण 'आयातदार म्हणून माझं नाव आहे' हे वाक्य लिहिल्यावर लगेच आले.

उभाआडवा, तुम्ही म्हणालात तेच निघालं. इन्व्हॉइसवर कोटाची सवलतीआधीची किंमत आहे. बाकी तीन कपड्यांच्या किमती बरोबर. वर्णन 'वीमेन्स क्लोदिंग' एवढंच आणि उगमाचा रकाना कोरा. स्वेटरला कृत्रिम धाग्याचा कोड लावलाय, पण साइटवर तो शंभर टक्के लोकरीचा म्हणून विकलेला आहे. माझ्याकडे ऑर्डरच्या पानाचं चित्र आहे, त्यात किंमत, सवलत आणि लोकर, तिन्ही दिसतं.

आता मी काय करू? पैसे भरून खोकं घेऊ आणि मग भांडू, की आधी दुरुस्ती मागू? आणि काल मोबाइलवर एक मेसेज आलाय: 'तुमचं पार्सल कस्टम्समध्ये अडकलं आहे, या दुव्यावर लगेच रक्कम भरा.' रक्कम अगदीच किरकोळ आहे. हा त्याच कुरिअरचा असेल का?

वाटसरू

तो दुवा अजिबात उघडू नका! असाच मेसेज आमच्या घरी आला होता. माझं कुठलंच पार्सल यायचं नव्हतं तेव्हाही आला होता. किरकोळ रक्कम दाखवून कार्डाचा नंबर काढून घेतात. कुरिअरच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करायचा, तिथे आपला ट्रॅकिंग क्रमांक घालायचा आणि तिथे जी रक्कम दिसेल तीच खरी मानायची.

आणि उभाआडवा, गिफ्टबद्दल तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. भरपाई खोट्या किमतीवर मिळते हे मला नवीन होतं.

उभाआडवा

वाटसरू यांनी मेसेजबद्दल अगदी बरोबर सांगितलं. कस्टम्स खातं अनोळखी क्रमांकावरून दुवा पाठवून कार्डाचे पैसे मागत नाही.

आता दुरुस्ती. आधी दुकानाकडून सुधारित इन्व्हॉइस मागा. त्यावर प्रत्यक्ष दिलेली किंमत, धाग्याची टक्केवारी आणि कुठे बनलं हे प्रत्येक कपड्यापुढे वेगवेगळं हवं. दुकानं हे सहसा देतात, कारण त्यांना काही भरावं लागत नाही. उगमाचा रकाना मुद्दाम भरून घ्या. तुमच्या देशाचा त्या देशाशी करार असेल तर त्याचाही उपयोग होईल. सुधारित इन्व्हॉइस, ऑर्डरच्या पानाचं चित्र आणि बँकेच्या खात्यातली वजावट हे तिन्ही जोडून कुरिअरच्या क्लिअरन्स विभागाला, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवणाऱ्या विभागाला लिहा. तक्रार विभागाला नको. तिथून नुसती 'दिलगीर आहोत' अशी उत्तरं येतात. विवरण भरलेलं आहे, त्यामुळे ते बदलायचं की नंतर परतावा मागायचा, हे तुमच्या देशाच्या रीतीवर आहे.

गोदामभाडं सुरू व्हायच्या आत उत्तर आलं नाही तर पैसे भरून खोकं घ्या, मात्र त्याआधी 'रकमेबद्दल वाद राखून भरत आहे' असं मेलवर कळवा. बहुतेक देशांत जास्त भरलेलं शुल्क परत मागायची मुदत असते आणि त्यासाठी अर्जही असतो. ब्रिटनमध्ये टपालाने आलेल्या पार्सलसाठी बीओआर २८६ नावाचा अर्ज आहे, कुरिअरच्या मालाची रीत वेगळी. तुमच्याकडचा अर्ज कस्टम्सच्याच साइटवर शोधा. कुरिअरची फी मात्र परत मिळेलच असं धरून चालू नका. त्यांनी चुकीच्या कागदावर काम केलं तरी काम केलंच, अशी त्यांची भूमिका असते. तरीही मागा. स्वेटरचा कोड त्यांनी स्वतः निवडला असेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

खोकं उघडताना पट्ट्यांचे फोटो काढा: स्वेटरची धाग्याची पट्टी, कोटाची 'मेड इन' पट्टी. पट्टीवर खरोखरच अ‍ॅक्रिलिक निघालं तर कोड बरोबर होता आणि तुम्हाला चुकीचं सांगून विकलं गेलं. मग भांडण दुकानाशी.

निळीशाई

सुधारित इन्व्हॉइस आलं! कोटाची खरी किंमत आहे, स्वेटरपुढे लोकर लिहिलंय आणि चारही कपड्यांचा देश लिहिलाय. त्यातला एकही कपडा दुकान ज्या देशात आहे तिथे बनलेला नाही. क्लिअरन्स विभागाने नवा आकडा पाठवला, पहिल्यापेक्षा बराच कमी. तो भरून खोकं घेतलं. फी मात्र तेवढीच ठेवली आहे, त्याबद्दल वेगळं लिहिलंय.

कोट सुरेख बसलाय. एक शर्ट मात्र काखेत आवळतो. दुकान म्हणतं परत पाठवा, मोठ्या मापाचा पाठवतो. आता त्यावर पुन्हा शुल्क लागेल का?

गुंडीकाज

लागू शकतं. बदली म्हणून आलेला शर्ट कस्टम्सच्या दृष्टीने नवीन आयातच असते. म्हणून दुकानाला आधी विचारा की बदली पाठवणी डीडीपीने कराल का, आणि उत्तर लेखी घ्या. नाही म्हणाले तर बदली घेऊ नका, पैसे परत मागा.

शर्ट परत पाठवताना टपालाच्या विवरणावर 'परत केलेला माल' हा पर्याय खुणेने भरा, 'विक्री' नको. आत मूळ इन्व्हॉइसची प्रत ठेवा आणि बाहेर मूळ ऑर्डर क्रमांक लिहा. नाहीतर दुकानाच्या देशात तो नवा माल समजून शुल्क लावतात आणि तेवढे पैसे तुमच्या परताव्यातून जातात. आमच्याकडे परत आलेल्या खोक्यांत हे वरचेवर होतं. पोचपावती आणि वजनाची पावती जपून ठेवा. शर्ट देशाबाहेर गेला याचा तोच पुरावा, आणि शर्टावर भरलेलं शुल्क परत मागायचं असेल तर तो आधी हातात लागतो.

उभाआडवा

यात एकच भर. शर्ट धुऊ नका, पट्ट्या काढू नका आणि परताव्याचा अर्ज शर्ट पाठवायच्या आधी वाचा. काही ठिकाणी माल बाहेर जाण्यापूर्वी कस्टम्सला कळवावं लागतं. नंतर कळवलं तर हक्क जातो. फीबद्दल त्यांचं काय उत्तर येतं ते इथे कळवा. नाही म्हणाले तर त्यांच्या दरपत्रकातलं ते कलम इथे टाका, आपण मिळून वाचू.